निमकर्डे सरांचं ऑफशोअर प्रकरण

शालिकराम निमकर्डे सरांनी तेल्हाऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एवढ्या काळात 'ऑफ' या शब्दानं त्यांना कधी त्रास दिला नव्हता. पंखा ऑफ, दिवा ऑफ, मधल्या शनिवारचा डे ऑफ. अगदी आज्ञाधारक शब्द. 'शोअर' हा आठवीच्या एका धड्यात येई आणि परीक्षेला एक मार्क देऊन निमूट निघून जाई. पण गेल्या ऑक्टोबरात हे दोघं एकमेकांना चिकटून सरांच्या अकोल्याच्या घरात शिरले, आणि सरांच्या विद्वत्तेची त्यांनी अकोला ते अमरावती अशी धिंड काढली.

आले ते सरांच्या मुलीच्या, प्रणालीच्या, मोबाइलवरून. प्रणाली इंजिनिअर. यंत्रांचे दाब, तापमान मोजणाऱ्या उपकरणांचं तिचं शिक्षण, आणि नोकरी एमआयडीसीतल्या सरकीच्या तेलाच्या कारखान्यात. दोन वर्षं ती तिथं एकाच काट्याकडे बघत होती आणि तो काटा दोन वर्षं एकाच जागी होता. त्यातून सुटायला तिनं गुपचूप एका मोठ्या कंपनीची परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि त्या सकाळी तिला पत्र आलं. निवड झालेल्या सोळा जणांत ती एकटी मुलगी होती.

"इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, ऑफशोअर प्लॅटफॉर्म," सरांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं.

सरांच्या पत्नी साधनाताई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. "प्लॅटफॉर्म कितवा?" त्यांनी आतून विचारलं.

सरांनी त्यांना समजावून सांगितलं की शोअर म्हणजे किनारा. ऑफ म्हणजे, इथं ते जरासे थांबले, ऑफ म्हणजे बंद.

"किनारा बंद असेल तर मग पोरीला बोलावलं कशाला?" साधनाताई म्हणाल्या.

शेवटी प्रणालीनंच सांगितलं. समुद्रात, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत, पोलादाचे खांब रोवून केलेलं एक मोठं मचाण असतं. तिथून समुद्राच्या पोटातला गॅस काढतात. चौदा दिवस तिथं राहायचं, चौदा दिवस घरी. जायचं-यायचं हेलिकॉप्टरनं. चहा गाळणं थांबलं. निमकर्डे घराण्यात आजवर समुद्र पाहिलेला माणूस एकच, सरांचे काका. आणि तेही बोटीत न बसता परत आले होते.

"बाबा, मला जायचंच आहे," प्रणाली म्हणाली. तिच्या आवाजात विनंती नव्हती. सरांनी मान हलवली आणि पुढचं पान वाचलं. पुढच्या पानावर तीन अटी होत्या. वैद्यकीय तपासणी. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. आणि अठरा दिवसांनी मुंबईच्या केंद्रात चार दिवसांचं प्रशिक्षण. त्यात हेलिकॉप्टरसारख्या पिंजऱ्यात पट्टा बांधून बसवतात, पाण्यात बुडवतात, वर उलटा करतात आणि आपलं आपण बाहेर यायला सांगतात. आलात तर नोकरी. नाही आलात तर पाणबुडे बाहेर काढतात, आणि दुसऱ्यांदाही नाही आलात तर घरी पाठवतात.

प्रणालीचा पाण्याशी संबंध बादली आणि पाणीपुरी यांच्यापलीकडे कधी गेला नव्हता. "अठरा दिवस म्हणजे भरपूर झाले," सर म्हणाले, "मी सगळं लावून देतो."

सगळं लावून देण्याची सुरुवात गोवर्धनजींपासून झाली. गोवर्धनजी म्हणजे शेजारच्या घरातले. तीस वर्षं एका कर सल्लागाराच्या कचेरीत बसलेले, त्यामुळे दुसऱ्याच्या मिळकतीबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून 'ऑफशोअर' हा शब्द त्यांच्या कानावर गेला होता. संध्याकाळी ते भिंतीशी आले.

"सर, ऑफशोअर म्हणे. कवापासून?"

"आजच कळलं," सर म्हणाले.

"बाहेर कोणाले सांगू नका. कुठं आहे? बेटावर?"

"बेट नाही, भर समुद्रातच. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर."

गोवर्धनजी विचारात पडले. "एवढ्या जवळ? म्या तं आयकलं का लोक पार दूरदेशी ठेवतात."

"जवळच बरं. हेलिकॉप्टरनं ये-जा आहे, दर चौदा दिवसांनी."

हे ऐकून गोवर्धनजी भिंतीवर हात टेकून उभे राहिले. आयुष्यभर ज्यांचे कागद पाहिले त्यांच्यापैकी एकाचाही पैसा हेलिकॉप्टरनं ये-जा करत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत सरांना लोक जरा वाकून नमस्कार करू लागले. कॉलनीच्या बोअरवेल समितीनं घरी येऊन सरांना अध्यक्ष केलं. मुलीच्या कर्तबगारीचा बापाला असा मान मिळतो हे पाहून सरांचा ऊर भरून आला. परदेशात दडवलेल्या काळ्या पैशालाही इंग्रजीत ऑफशोअरच म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्या मानाच्या भरात सर पोलीस ठाण्यात गेले. दाखल्याचं काम पाहणारे हवालदार अर्ज वाचता वाचता एका जागी अडले. प्रयोजन: ऑफशोअर नोकरी.

"शोर?" हवालदार म्हणाले. "शोर म्हंजे आवाजच ना? मंग ऑफ शोर म्हंजे आवाज बंद करायचं खातं. डीजेवाल्यायच्या मागं लावतात काय पोरीले?"

"शोर नाही, शोअर."

"शुअर?"

"शोअर. किनारा."

"नदीचा?"

एकतीस वर्षांची सवय. खोलीत फळा दिसला की सरांचा हात खडूकडे जातो. ठाण्यात ड्युटीचा फळा होता, त्याचा अर्धा भाग मोकळा होता. सरांनी त्यावर किनाऱ्याची एक रेघ ओढली, पुढे लाटा काढल्या, लाटांत चार खांबांचं मचाण काढलं आणि मचाणावर एक बारीक माणूस उभा केला. हवालदारांना सगळं स्पष्ट झालं. नेमके तेवढ्यात मोठे साहेब आत आले. त्यांनी फळ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "ही घटना कुठल्या हद्दीतली? आणि तो वर उभा आहे तो आरोपी का?"

तिसऱ्या दिवशी दाखला हातात पडला. त्यात लिहिलं होतं, 'सदर मुलगी ऑफ शोर (आवाज बंद) विभागात नोकरीस जात असून तिच्याविरुद्ध आवाजाची अथवा अन्य कोणतीही तक्रार नाही.' दाखल्यात खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा अर्ज. नव्या अर्जाला नवे फोटो. फोटोवाल्याची मशीन बिघडलेली. या सगळ्यात अठरातले पाच दिवस गेले, पण दाखला आला आणि चुकीचं मराठी बघवत नसल्यामुळे सरांनी त्यातल्या दोन वेलांट्या तिथल्या तिथं सुधारून दिल्या. त्यामुळे तिसरा अर्ज करावा लागला; त्याचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी मात्र प्रणालीनंच परस्पर उरकून घेतली.

याच धांदलीत सरांनी तेल्हाऱ्याला आपल्या थोरल्या बहिणीला फोनवर आवाजी निरोप पाठवला होता. गोदाबाई सदुसष्ट वर्षांच्या. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, पालक, आणि बाजारात स्वतः बसून विकायची हिंमत. सरांनी बसस्टँडच्या गोंगाटात उभं राहून म्हटलं होतं, "बाई, प्रणाली आता ऑफशोअर. बाकी घरी येऊन सांगतो." पण गोदाबाईंच्या फोनमधून निघालं ते, "बाई, आता ऑफ सोयरे."

दुसऱ्या दिवशी दहाच्या बसनं गोदाबाई अकोल्यात हजर झाल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि चेहरा असा की रिक्षावाल्यानं उरलेले सुटे पैसे न मागता दिले.

"शालिक," त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "सोयऱ्यायले ऑफ केलं म्हणे तुनं. काय चुकलं मायं? मागच्या महिन्यात वांगी कमी आली म्हणून?"

सरांनी त्यांना बसवून, पाणी देऊन, शब्द फोडून सांगितला. किनारा, समुद्र, मचाण, हेलिकॉप्टर. गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पिंजरा उलटा करतात हे ऐकल्यावर त्या साधनाताईंकडे वळल्या. साधनाताईंचे डोळे भरले होते. गेल्या पाच दिवसांत त्या एकदाही नको म्हणाल्या नव्हत्या, पण रोज रात्री प्रणालीच्या खोलीचं दार लोटून बघून येत होत्या.

"येवढंच ना," गोदाबाई म्हणाल्या. "पोट्टीले धाड मायाकडं. आठ दिवसांत मासोळी करून देतो. माया मळ्यात इहीर आहे ना."

"बाई, विहिरीचं काम नाही हे," सर हसून म्हणाले. "याला शास्त्रशुद्ध तरणतलाव लागतो. प्रशिक्षक लागतो. शिट्टी लागते."

गोदाबाईंनी पिशव्या रिकाम्या केल्या आणि चारच्या बसनं परत गेल्या.

अकोल्यात सर गेले त्या तरणतलावाच्या दारावर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी होती. आत एक रखवालदार रिकाम्या तलावाच्या तळाशी खाट टाकून बसला होता. पाणी कधी येईल असं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, पाणी काढाचं टेंडर निंघालं होतं, भराचं अजून निंघाचं आहे."

तेव्हा बापलेक अमरावतीला गेले. तिथं साधनाताईंचा धाकटा भाऊ ललित राहतो. ललितनं त्यांना बसस्टँडवरून घेतलं आणि गाडीत बसता बसताच प्रणालीची पाठ थोपटली.

"ऑफशोअर ना? काही टेन्शन घेऊ नको. मी नऊ वर्षांपासून ऑफशोअरच आहे."

सरांनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याला त्यांनी नऊ वर्षांत खुर्चीवरून उठलेलंही क्वचितच पाहिलं होतं. तो घरातल्या मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसे आणि अमेरिकेतल्या एका कंपनीच्या बिघडलेल्या प्रोग्रामांना ठीक करे.

"तू कुठल्या समुद्रात असतो?" सरांनी विचारलं.

"समुद्र कशाला जिजाजी. काम त्यांचं, करणारे आम्ही इथं. म्हणजे आम्ही त्यांच्या किनाऱ्यापासून लांब. म्हणून आमची टीम ऑफशोअर."

सर राजकमल चौकापर्यंत या शब्दाचा हिशेब जुळवत राहिले. समुद्रात बसलेली मुलगी ऑफशोअर, आणि समुद्रापासून पाचसहाशे किलोमीटर आत अमरावतीत पायजम्यावर बसलेला मेहुणाही ऑफशोअर. एवढी मोकळीक त्यांनी वर्गात कुठल्याही शब्दाला कधी दिली नसती.

ललितच्या ओळखीचा तरणतलाव चालू होता, पाणी होतं, शिट्टीही होती. फक्त अर्ज भरायचा होता. सरांनी तो सुवाच्य अक्षरात भरला. 'पोहणे शिकण्याचे कारण' असा रकाना होता. बहुतेकांनी तिथं 'आरोग्य' लिहिलेलं होतं. खोटं लिहायचं कशाला, म्हणून सरांनी लिहिलं: ऑफशोअर.

खिडकीत देवमनजी नावाचे वयस्कर कारकून होते. सभ्य माणूस, चष्म्याला दोरी. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, ड्रॉवरमधून नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट ठेवलं.

"ऑफशोअर म्हणजे किनाऱ्यापासून दूर. बरोबर ना सर?"

एवढ्या दिवसांत हा शब्द न सांगता समजलेला पहिला माणूस. सरांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. "अगदी बरोबर," ते म्हणाले.

"मग नाही जमत. नियम अकरा. नवशिक्यांनी कठड्यापासून दूर जाऊ नये. तुम्ही तर लेखीच देऊन राहिले का दूर जायसाठीच शिकायचं आहे."

"अहो, ती इथं दूर जाणार नाही. ती समुद्रात दूर जाणार आहे."

"ते खरं असन सर, पण अर्ज तर आमच्या तलावाचा आहे."

"मग मी आरोग्य लिहितो."

"आता मले माहीत झालं ना," देवमनजी खरोखरच हळहळून म्हणाले. "मी अकरा वर्षं या खिडकीत आहे. डोळ्यांदेखत कसं करू?"

सरांनी नियमाच्या मराठीत दोन चुका काढून दाखवल्या. देवमनजींनी त्या मान्य केल्या, आभार मानले आणि अर्ज परत दिला. व्यवस्थापक साहेब सोमवारी येणार होते. सोमवारपर्यंत थांबलं तर हाती चारच दिवस उरत होते.

परतीच्या बसमध्ये प्रणाली खिडकीशी बसली होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "बाबा, मी सरकीच्याच कारखान्यात राहिले तरी चालेल. तुम्ही किती पळणार?"

सरांना ते वाक्य फार लागलं. पळून पळून पाय दुखण्यापेक्षा जास्त लागलं, कारण या पळण्यात आपण मुलीपेक्षा आपल्या इंग्रजीकडेच जास्त पाहिलं, हे त्यांना त्या बसमध्ये कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला.

"बाई," ते म्हणाले, "इहिरीत पाणी किती आहे?"

"पाणी भरून आहे," गोदाबाई पलीकडून म्हणाल्या. "तू अजून शिट्टीच शोधून राहिला काय?"

तेल्हाऱ्याच्या मळ्यात गोदाबाईंच्या दोन विहिरी. एक कोरडी. दुसरी जुनी, पायऱ्यांची, पाणी तुडुंब, पण खारट. त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. भाजीला कालव्याचं पाणी देतात आणि ही विहीर कोणी विचारत नाही. लहानपणी मात्र गावातल्या सगळ्या पोरी तिच्यात पोहल्या होत्या, आणि कोणाची घागर तळाला गेली की ती काढायला गोदीला बोलवत असत.

पहिले दोन दिवस गोदाबाईंनी प्रणालीला फक्त पायरीवर बसवून तोंड पाण्यात घालायला लावलं. तिसऱ्या दिवशी पाठीला पाच लिटरचे दोन रिकामे डबे बांधून सोडलं. चौथ्या दिवशी एक डबा काढला. पाचव्या दिवशी गोदाबाई लुगडं खोचून स्वतः उतरल्या आणि म्हणाल्या, "आता खाली चाल माया संगं. डोळे उघडे ठेव. खारं लागन, लागू दे. समुद्र काय गोड राह्यते?"

सर काठावर वही घेऊन बसत आणि प्रगतीची नोंद करत. सहाव्या दिवशी त्यांच्याच्यानं राहवलं नाही. पोहणं झालं, पण पिंजऱ्याचं काय? त्यांनी प्लॅस्टिकची हातांची खुर्ची आणली, तिला दोर बांधला, दोर विहिरीच्या चाकावरून घेतला. खुर्चीला जुन्या लुगड्याच्या पट्टीचा पट्टा केला. गोदाबाई म्हणाल्या, पट्ट्याची गाठ मी मारतो. सर म्हणाले, गाठ मी मारणार, मी स्काउटला होतो. आणि मुलीला बसवण्याआधी उपकरणाची चाचणी जबाबदार व्यक्तीनं करायची असते, म्हणून खुर्चीत ते स्वतः बसले.

दोर सोडायला दोन गडी होते. खुर्ची व्यवस्थित खाली गेली. पाण्याला टेकली. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीचा जो स्वभाव असतो त्याप्रमाणे तिनं तरंगायचं ठरवलं, आणि सर जड असल्यामुळे ती त्यांना खाली ठेवून तरंगली. चार पाय वर, सर खाली. स्काउटची गाठ पाण्यानं अशी आवळली की ती आता दोन माणसांनीही सुटली नसती.

सरांना पुढचं जे आठवतं ते असं: हिरवा अंधार, नाकात मीठ, आणि मग मनगटावर एक पक्का हात. तो हात त्यांना ओढत नव्हता, नुसता धरून होता. त्यांची झटापट थांबेपर्यंत धरून होता. मग पट्टा ढिला झाला आणि सर बाटलीच्या बुचासारखे वर आले. गोदाबाईंच्या दातांत विळा होता. प्रणाली दुसऱ्या बाजूनं पोहत आली आणि तिनं बापाच्या बगलेत हात घातला. ती डब्याशिवाय पोहत होती, हे काठावरच्या कोणाच्या लक्षात येण्याआधी सरांच्या लक्षात आलं, आणि खोकता खोकता ते हसायला लागले.

"पाह्य वं," गोदाबाई भाचीला म्हणाल्या, "तुया बापानं काय केलं ते करू नोको. उलटं झालं का आंधी एका हातानं काही तरी धराचं अन् सोडाचं नाही. मंग पाणी फिरनं थांबू द्याचं. पाणी फिरते तवा आपून नाही फिराचं. मंग गाठ सोडाची, अन् जो हात धरून आहे त्याच बाजूनं निंघाचं."

तोवर बांधावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं बातमी गावात नेली होती की मास्तर विहिरीत पडले. गावातून ती अकोल्यात गेली. दोन तासांत साधनाताई भाड्याची गाडी करून मळ्यात आल्या, सोबतीला गोवर्धनजी. कपडे वाळत घातल्यामुळे सर त्या वेळी बहिणीचं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, शेकोटीशी बसून शेंगदाणे खात होते. साधनाताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, जिवंत आहेत एवढी खात्री केली आणि मग त्या वाळत घातलेल्या पँटीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडत नव्हत्या.

गोवर्धनजी मात्र सरळ विहिरीच्या काठावर गेले. त्यांनी बराच वेळ खाली वाकून पाहिलं. मग सरांच्या जवळ येऊन आवाज खाली आणला.

"सर, सगळं इथंच ठेवलं काय?"

तेव्हा कुठं सरांना आपल्या अध्यक्षपदाचा उगम कळला. ते लुगडं सावरत उभे राहिले. समोर पाण्यातून प्रणाली पायऱ्या चढून येत होती, केस निथळत, दम लागलेला, डोळे लाल. सरांनी तिच्याकडे हात केला.

"हो गोवर्धनजी," ते म्हणाले. "माझं ऑफशोअर जे काही आहे ते एवढंच."

मुंबईच्या केंद्रात शेवटच्या दिवशी काचेच्या भिंतीआडून बघायची घरच्यांना परवानगी होती. सर, साधनाताई आणि गोदाबाई तिघंही आले होते. खाली निळा तलाव, वर साखळीला टांगलेला पिवळा पिंजरा. एका वेळी चौघांना बसवायचे. पहिल्या खेपेत एक दणकट मुलगा होता, दंड असे की खुर्चीच्या पट्ट्याला लाज वाटावी. पिंजरा उलटला आणि पाणबुड्यांनी त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या खेपेत दोघांना काढावं लागलं. त्यांना पुन्हा संधी होती, पण ते काठावर बसून तलावाकडे बघायला तयार नव्हते.

तिसऱ्या खेपेत प्रणाली होती. बसताना तिनं उजवा हात खिडकीच्या चौकटीवर ठेवला. साधनाताईंनी डोळे मिटून घेतले. पिंजरा पाण्यात गेला, फिरला, तळ वर आला. नुसते बुडबुडे. सरांनी श्वास धरला आणि मनात मोजायला लागले, पण इंग्रजीत मोजावं की मराठीत हे ठरेना आणि ते चारवरच अडकले. शेजारी गोदाबाई शांत होत्या. "फिरू दे पाणी," त्या पुटपुटल्या, "फिरू दे. थांबलं. आता सोड. नींघ."

आणि पाण्यातून एक लाल टोपी वर आली. मग हात. हात वर करून अंगठा. चौघांत पहिली प्रणाली. तिनं श्वास घेतला, मागं वळून पाहिलं आणि पिंजऱ्यातून चाचपडत येणाऱ्या पोराच्या बाहीला धरून त्याला वर घेतलं.

प्रशिक्षक नौदलातून निवृत्त झालेला पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्यानं तिला कुठं शिकलीस म्हणून विचारलं आणि तिनं काचेकडे बोट दाखवलं. काचेआड नऊवारी नेसलेली एक बाई उभी होती. त्यानं तिघांना खाली बोलावलं. गोदाबाईंना त्यानं हिंदीत विचारलं की तुम्ही हिला काय शिकवलं. गोदाबाईंनी आपल्या बोलीत उत्तर दिलं, तेच तीन वाक्यांत, हात धरण्याचं, पाणी थांबू देण्याचं, निघण्याचं. सर दुभाषी म्हणून पुढे झाले, पण त्याची गरज लागली नाही. त्या माणसानं काठावर बसलेल्या तिघा मुलांना उठवून गोदाबाईंसमोर उभं केलं आणि म्हणाला, इनसे सुनो. संध्याकाळपर्यंत तिघंही पिंजऱ्यातून आपले आपण बाहेर आले. त्यांतल्या दणकट मुलानं येऊन गोदाबाईंच्या पाया पडून त्यांचा मोबाइल नंबर घेतला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीची पहिली फेरी होती. हेलिकॉप्टरच्या तळात घरच्यांना प्रवेश नसतो. तिनं फाटकावर आईला घट्ट मिठी मारली, आत्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, तिथून फोन लागतो. रोज करीन."

तिघं चालत चौपाटीवर आले. गर्दी नव्हती. गोदाबाईंनी समुद्र त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. पाण्यात दोन बोटं बुडवून जिभेला लावली आणि मान डोलावली, जशी त्या दुसऱ्याच्या मळ्यातली मेथी चांगली असली की डोलावतात.

नऊ वाजता झाडांमागून हेलिकॉप्टर उठलं. आवाज करत त्यांच्या डोक्यावर आलं.

"आता झाली का ऑफशोअर?" गोदाबाईंनी मान वर करून विचारलं.

"नाही, अजून नाही," सर म्हणाले. त्यांची नजर हलत नव्हती. हेलिकॉप्टर नारळांच्या शेंड्यांवरून गेलं. वाळूवरून गेलं. पहिल्या लाटेची पांढरी रेघ त्याच्या खाली आली आणि मागं पडली.

"आता?" साधनाताईंनी विचारलं.

एकतीस वर्षांत सरांनी हजारो शब्दांचे अर्थ सांगितले होते, पण एकही अर्थ असा डोळ्यांसमोर घडताना पाहिला नव्हता.

"आता झाली," ते म्हणाले.